वेरूळच्या राणीचा गोव्यातला मुक्काम

देवणी, वलांडी, उदगीर आणि सीमेपलीकडचं भालकी या पट्ट्याला विमानांची घरघर नवी नाही. देवणीहून सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरवर बीदर आहे आणि बीदरला भारतीय हवाई दलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र. १९९६ मध्ये 'सूर्यकिरण' हे हवाई कसरतींचं पथक तिथेच उभं राहिलं आणि २०११ पर्यंत 'किरण मार्क २' या विमानांवर कसरती करत राहिलं. मध्ये काही वर्षं पथक थांबलं. पुन्हा सुरू झालं ते हॉक विमानांवर.

हॉकचा आराखडा ब्रिटिश, किरण मात्र आपलं. १९६४ च्या सप्टेंबरात ते पहिल्यांदा उडालं. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या, म्हणजे आजच्या 'एचएएल'च्या, ज्या चमूने ते आखलं त्याचे प्रमुख होते डॉ. विष्णू माधव घाटगे. गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूत जन्मलेला हा माणूस जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकला. विमानाच्या पंखाभोवतीची हवा नेमकी कशी वाहते, याचं आधुनिक शास्त्र ज्यांनी उभं केलं त्यांत प्रांटल अग्रगण्य. घाटगे परतले आणि त्यांनी देशाला एचटी-२ दिलं. १९५१ मध्ये उडालेलं हे दोन आसनी प्रशिक्षण विमान भारतात आखलेल्या पहिल्या विमानांपैकी एक. वैमानिकांच्या कित्येक तुकड्यांचा पहिला धडा त्याच्यावरच झाला.

आज एचटी-२ पाहायचं तर संग्रहालयच गाठावं लागतं. एकेकाळी रोज उडणारं विमान असं नजरेआड कसं होतं, याचं उत्तर साधं आहे. सेवेत असताना ते सामान्य असतं, म्हणून कुणी जपत नाही. निवृत्त झालं की त्याचं ॲल्युमिनियम वजनावर विकलं जातं. वीस-तीस वर्षांनी कुणाला त्याची आठवण येते तेव्हा हाताशी दोन-चार सांगाडे उरलेले असतात. देवणीचं नाव ज्या गोवंशाने देशभर नेलं त्याच्या जतनाला एक आधार असतो: वानेरा, बालंक्या आणि शेवेरा या तिन्ही प्रकारांची निवडक जनावरं जगती ठेवली तर कळप पुन्हा वाढवता येतो. विमानाला हा आधार नाही. कारखान्यातले साचे मोडले, आराखड्यांचे कागद गहाळ झाले, सुट्या भागांचा पुरवठा थांबला की उरलेल्या विमानांची संख्या फक्त कमीच होऊ शकते.

मराठी माणसाला सहज गाठता येईल असं या विषयाचं सर्वांत मोठं ठिकाण म्हणजे गोव्यातलं नौदलाचं विमान संग्रहालय. दाबोळी विमानतळाकडून बोगमाळ्याच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते आहे. १९९८ च्या ऑक्टोबरात ते लोकांसाठी खुलं झालं. आवारात विमानं आणि हेलिकॉप्टरं उघड्यावर उभी आहेत, शेजारच्या इमारतीत इंजिनं, शस्त्रं, गणवेश, छायाचित्रं. दिल्लीच्या पालममधलं हवाई दलाचं संग्रहालय १९६७ पासूनचं. गोव्यातलं त्याच्या मानाने तरुण, पण त्याच्याकडे जे आहे ते जगात फार थोड्यांकडे आहे.

उदाहरणार्थ शॉर्ट सीलँड. पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं हे छोटं दोन इंजिनांचं विमान उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या कारखान्यात तयार झालं. सगळी मिळून पंचवीसच्या आसपासच बनली. त्यांपैकी दहा भारतीय नौदलाने घेतली आणि १९५३ मध्ये कोचीनला नौदलाच्या हवाई शाखेची सुरुवात याच विमानांनी झाली. आज जगात तीन सीलँड उरली आहेत: एक बेलफास्टच्या परिसरात, एक बेलग्रेडला आणि एक बोगमाळ्याला. सुट्टीत गोव्याला गेलेली किती कुटुंबं त्याच्यापासून चार पावलांवरून नुसतीच निघून जात असतील! शेजारच्या भव्य विमानापुढे ते नजरेत भरत नाही, हे खरं. पण संग्रहालयातल्या दुर्मिळतेचा क्रम लावला तर ते अगदी वरच्या जागी येईल.

ते भव्य विमान म्हणजे लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन, क्रमांक आयएन ३१५. एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ताफ्यात होतं तेव्हा त्याचं नाव होतं 'रानी ऑफ एलोरा'. कंपनीने आपल्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानांना राण्यांची नावं दिली होती, त्यात झाशी होती, अजिंठा होता आणि वेरूळही. मराठवाड्यातल्या लेण्यांचं नाव नाकावर घेऊन हे विमान मुंबईहून परदेशी प्रवासी नेत होतं.

कॉन्स्टेलेशनचा आकार एकदा पाहिला की विसरत नाही. विमानाचं धड म्हणजे सहसा सरळ नळी असते. याचं धड मात्र नाकाकडे खाली झुकतं आणि शेपटीकडे वर उचललं जातं, त्यामुळे आतली गोल कडी जागोजागी वेगळ्या मापाची. शेपटीला एकाऐवजी तीन उभे पंख आहेत. एवढ्या मोठ्या विमानाला एकच शेपूट दिली असती तर ती त्या काळच्या हँगरच्या दारातून आत गेली नसती. तीन बुटक्या शेपट्यांत तेच काम भागवलं. पुढे चार राईट इंजिनं, प्रत्येकाला अठरा सिलिंडर. बाहेर फेकल्या जाणाऱ्या गरम वायूंनी छोटे टर्बाइन फिरवून त्यांची ताकदही पुन्हा मुख्य दांड्याला जोडायची, अशी गुंतागुंतीची रचना. पिस्टन इंजिन जितकं पुढे नेता आलं त्याची ही जवळजवळ शेवटची पायरी. लगेच जेट आली आणि राण्यांची सद्दी संपली.

या घराण्याशी मराठी माणसांचं नातं आणखी एका कारणाने जवळचं आहे. ११ एप्रिल १९५५ रोजी एअर इंडियाचं 'काश्मीर प्रिन्सेस', सुपरच्या आधीच्या पिढीतलं कॉन्स्टेलेशन, बांडुंग परिषदेसाठी निघालेल्या चिनी शिष्टमंडळाला घेऊन हाँगकाँगहून उडालं आणि त्यात लपवलेल्या बॉम्बच्या स्फोटाने दक्षिण चीन समुद्रात कोसळलं. सोळा माणसं गेली. कॅप्टन दा. का. जटार यांनी पेटतं विमान शेवटपर्यंत ताब्यात ठेवून पाण्यावर उतरवण्याचा प्रयत्न केला. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. जे तिघे वाचले त्यांत देखभाल अभियंता अनंत कर्णिक होते. पुढे त्यांनी या घटनेवर पुस्तक लिहिलं. ते विमान आज कुठेही पाहायला मिळणार नाही. कर्णिकांसारखे अभियंते ज्या प्रकारच्या इंजिनांवर आणि पत्र्यांवर हात फिरवत होते ते मात्र बोगमाळ्याला बघता येतात.

प्रवासी सेवा संपल्यावर सुपर कॉन्स्टेलेशन विमानं हवाई दलाकडे गेली. समुद्रावर टेहळणी करणारं हवाई दलाचं सहा क्रमांकाचं स्क्वाड्रन पुण्याला लोहगावात होतं. त्यांच्याकडे ही विमानं होती. १९७६ मध्ये समुद्री टेहळणीची जबाबदारी नौदलाकडे आली तेव्हा विमानंही नौदलाची झाली आणि दाबोळीला त्यांच्यासाठी आयएनएएस ३१२ हे स्क्वाड्रन उभं राहिलं. एलोराची राणी अशी गोव्याची झाली.

याच दाबोळीच्या धावपट्टीवर १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकले होते. गोवा मुक्त होण्याला एक दिवस उरला होता. त्या रात्री पोर्तुगीज विमान कंपनीचं एक कॉन्स्टेलेशन आणि आणखी एक विमान फुटक्या धावपट्टीवरूनच निसटलं. पुढे त्याच जागी त्याच घराण्यातलं भारतीय विमान कायमचं मुक्कामाला आलं.

आता या राणीच्या प्रकृतीबद्दल. ती ज्या हवेत उभी आहे ती विमानाला सर्वांत जास्त झिजवणारी हवा आहे.

विमानाचा पत्रा शुद्ध ॲल्युमिनियमचा नसतो. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं, पण हवा लागताच त्याच्यावर स्वतःच्याच ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तो आतल्या धातूला राखतो. ताकद यावी म्हणून त्यात तांबं, कुठे जस्त मिसळतात. ताकद येते, पण ती जन्मजात राखण कमी होते. म्हणून पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर दाबून बसवतात, त्यावर रंगाचं अस्तर. जिथे भोक पाडून रिव्हेट मारलं, जिथे कड कापली, जिथे रंग खरचटला, तिथे हे चिलखत फुटतं. खाऱ्या हवेतलं क्लोराइड नेमकं तिथून आत शिरतं आणि धातूच्या कणाकणांमधल्या फटींतून पुढे सरकतं. वरून पत्रा गुळगुळीत दिसत असतो आणि आतून पापुद्रे सुटत असतात. रंगावर बारीक फोड आले, फोडाखाली पांढरी भुकटी दिसली, म्हणजे काम बरंच पुढे गेलं समजावं.

दुसरं दुखणं सांध्यांचं. विमानात ॲल्युमिनियमच्या अंगाला पोलादी बोल्ट, पितळी बुशिंग, मॅग्नेशियमचे ओतीव भाग लागून असतात. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खाऱ्या पाण्याचा थेंब, एवढ्याने विद्युतघट तयार होतो आणि त्यातला दुबळा धातू झिजत जातो. त्या काळच्या चाकांच्या चकत्यांत आणि इंजिनाच्या आवरणांत मॅग्नेशियम बरंच वापरलेलं असे आणि मॅग्नेशियम सगळ्यांत आधी बळी पडतं. सेवेत असलेल्या नौदलाच्या विमानांना म्हणूनच गोड्या पाण्याने वरचेवर धुतात. निवृत्त विमानाच्या मागे तेवढी माणसं नसतात.

त्यात गोव्याचा पाऊस. लातूर जिल्ह्यात वर्षभरात सातशे-आठशे मिलिमीटर पडतो, गोव्याच्या किनाऱ्यावर त्याच्या तिप्पट-चौपट. विमानाच्या पोटाला पाणी निथळण्यासाठी बारीक भोकं ठेवलेली असतात. उडतं विमान हलतं, झुकतं, पाणी निघून जातं. उभ्या विमानात भोकं धुळीने आणि पाल्यापाचोळ्याने बुजली की पाणी पोटात साचतं. पंखांच्या सांध्यांत पक्षी घरटी करतात. त्यांची विष्ठा रंग खाते आणि ओल धरून ठेवते. उन्हाने कॉकपिटची पारदर्शक प्लॅस्टिकची कॅनॉपी पिवळी पडते, तिला केसासारख्या चिरा जातात. टायरचं रबर फुटतं, आणि टायर बसला की सगळा भार धातूच्या चाकावर येतो. म्हणून जाणती संग्रहालयं विमानाला ठरलेल्या जागी टेकू देऊन चाकांवरचा भार उतरवतात.

कोरड्या हवेत हे सगळं मंदावतं. अमेरिकेने आपली निवृत्त लष्करी विमानं ॲरिझोनाच्या वाळवंटात टुसॉनजवळ ठेवली आहेत, ती उगीच नव्हे. तिथेच शेजारी पिमा विमान संग्रहालय आहे. त्या संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातलं एक बी-२४ लिबरेटर बॉम्बफेकी विमान उभं आहे आणि ते तिथे भारतातून गेलेलं आहे.

लिबरेटरची ही गोष्ट प्रत्येक भारतीयाला माहीत असावी अशी आहे. महायुद्धात अमेरिकेने ही विमानं ब्रिटिशांना उसनवारीच्या करारावर दिली होती. युद्ध संपल्यावर ती परत उडता कामा नयेत अशी अट. त्यामुळे कानपूरच्या चकेरी तळावर रांगेने उभी असलेली लिबरेटर मुद्दाम निकामी केली गेली. स्वातंत्र्यानंतर देशाला लांब पल्ल्याच्या विमानांची गरज पडली तेव्हा एचएएलच्या लोकांनी त्या भंगारात हात घातला. ज्या कंपनीने हे केलं ती १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी बंगळूरला सुरू केली होती. एकाचा पंख, दुसऱ्याचं इंजिन, तिसऱ्याची चाकं असं जुळवत विमान उडण्याजोगं करायचं आणि चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ते कानपूरहून बंगळूरला न्यायचं. अशी चाळीसच्या आसपास लिबरेटर पुन्हा उभी राहिली. पुण्याच्या सहा क्रमांकाच्या स्क्वाड्रननेही ती वापरली. १९६८ पर्यंत ती सेवेत होती. तोवर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये बहुतेक लिबरेटर वितळून गेली होती, आणि जगभरच्या संग्रहालयांना अचानक कळलं की चांगल्या अवस्थेतली लिबरेटर भारतात आहेत. ब्रिटनच्या आरएएफ संग्रहालयाचं लिबरेटर भारताने दिलेलं. कॅनडात ओटावाचंही भारतातून गेलेलं. एक आपल्याकडे पालमला राहिलं. ती कुणी जपायचं म्हणून जपली नव्हती; ती वापरात होती म्हणून टिकली. जपायचं म्हणून जपणं आपल्याला अजून शिकायचं आहे.

अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडचं लिबरेटरही भारतीय हवाई दलातलंच. १९८० च्या दशकात ते विकत घेऊन, पुन्हा बांधून त्यांनी ते उडतं ठेवलं आणि गावोगाव नेलं. इथे जतनाच्या क्षेत्रातला सर्वांत तीव्र वाद सुरू होतो: दुर्मिळ विमान उडवावं की उभं ठेवावं? उडणाऱ्या विमानाचा आवाज, तेलाचा वास, जमिनीचा कंप हे सगळं काचेआड मिळत नाही, हे मान्य करायलाच हवं. पण त्याची किंमतही मोठी आहे. २ ऑक्टोबर २०१९ रोजी याच संस्थेचं बी-१७ पडलं, सात माणसं गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये डॅलसच्या प्रदर्शनात एक बी-१७ आणि जगात मोजकीच उरलेली किंगकोब्रा जातीची एक अशी दोन विमानं एकमेकांवर आदळून सहाजण गेले. जर्मनीच्या लुफ्थान्साने कॉन्स्टेलेशनचंच पुढचं भावंड असलेलं स्टारलायनर २००७ मध्ये विकत घेऊन ते उडवण्यासाठी अकरा वर्षं खर्च केली आणि २०१८ मध्ये तो प्रयत्न सोडून दिला.

भारतीय हवाई दलाने मधला मार्ग धरला आहे. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये दुरुस्त केलेलं 'परशुराम' नावाचं डकोटा उडत भारतात आणलं. त्याच्यावरचा व्हीपी ९०५ हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या डकोटाची आठवण म्हणून दिलेला. डकोटा जगात अजून बरीच आहेत, सुटे भाग मिळतात, म्हणून हे योग्यच. याच न्यायाने पालमचं वेस्टलँड वापिती मात्र कधीही उडवू नये. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या द्रिग रोडला भारतीय हवाई दलाचं पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं ते चार वापिती विमानांवर, आणि जगात वापिती उरलं आहे ते फक्त पालमला. कापडाने मढवलेल्या या दोन पंखी विमानातलं प्रत्येक मूळ भाग त्याच्या जागी राहणं हेच त्याचं मोल.

मूळ वस्तू आणि नवी चमक यांतला फरक संग्रहालयांना उशिरा उमगला. पूर्वी विमान मिळालं की जुना रंग खरवडून काढायचा, नवा तकतकीत रंग मारायचा, तुटलेला भाग नवा बसवायचा, अशी रीत होती. आता रंगाचे थर हाच पुरावा मानतात. एलोराच्या राणीवर नौदलाच्या खुणा आहेत. तिच्यावर कधीकाळी एअर इंडियाचे रंग होते, मग हवाई दलाचे. तिला पुन्हा एअर इंडियाच्या रंगात नटवावं असं कुणाला वाटेल. छायाचित्रं सुंदर निघतील. पण समुद्रावर टेहळणी करत घालवलेली वर्षं त्याखाली पुसली जातील. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने 'फ्लॅक-बेट' या दोनशेहून अधिक मोहिमा केलेल्या बॉम्बफेकी विमानाचा सोलपटलेला रंग आणि गोळ्यांची ठिगळं तशीच राखण्याचा मार्ग घेतला. राणीलाही तोच न्याय लागू व्हावा.

मीठ किती चिवट असतं याचा धडा ब्रिटनमधल्या कॉसफर्डला मिळाला. १९४० मध्ये इंग्लिश खाडीत पडलेलं जर्मन डॉर्नियर १७ विमान २०१३ च्या जूनमध्ये बाहेर काढलं गेलं. त्या जातीचं ते एकमेव. त्र्याहत्तर वर्षं वाळूखाली प्राणवायू कमी असल्याने ते बऱ्यापैकी राहिलं. हवेत येताच मीठ कामाला लागणार होतं. म्हणून त्याचे तुकडे प्लॅस्टिकच्या बोगद्यांत ठेवून त्यांच्यावर सौम्य सायट्रिक आम्लाचा फवारा सतत मारला गेला. लिंबात असतं तेच हे आम्ल. ते क्लोराइड सोडवतं, धातूला मात्र फारसं खात नाही. हे काम दिवसांचं नव्हतं, वर्षांचं होतं.

आतल्या धोक्यांचाही विचार लागतो. जेट विमानाच्या आसनाखाली वैमानिकाला बाहेर फेकणारी स्फोटक नळकांडी असतात. ती काढल्याची खात्री झाल्याशिवाय विमान लोकांसमोर आणता येत नाही. जुन्या घड्याळांच्या आकड्यांवर अंधारात चमकावेत म्हणून रेडियमचा रंग दिलेला असे. चमक देणारा पदार्थ काही वर्षांत थकतो, आकडे तपकिरी पडतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं की धोका संपला. रेडियमचं अर्धआयुष्य सोळाशे वर्षांचं आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याने जतनाच्या बाबतीत दोन मोठे घाव सोसले आहेत. १९७१ च्या डिसेंबरात विक्रांत या विमानवाहू नौकेच्या डेकवरून सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. १९९७ मध्ये निवृत्त झालेली ती युद्धनौका काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून खुली होती, २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून बंद झाली आणि २०१४ नंतर मुंबईतल्याच दारूखाना भागात तोडली गेली. विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेसाठी सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ संग्रहालय करण्याचा ८५२ कोटींचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये मंजूर केला होता. २०२० च्या सप्टेंबरात विराट तोडणीसाठी अलंगच्या किनाऱ्याला लागली. दोन्ही वेळा सहानुभूतीची वाण नव्हती. निवृत्तीच्या दिवशी पैसा, जागा आणि जबाबदार संस्था यांतलं काहीच ठरलेलं नव्हतं, आणि समुद्राच्या पाण्यात उभं जहाज वाट पाहत नाही. याउलट विशाखापट्टणमला पाहावं. तुपोलेव्ह १४२ ही प्रचंड टेहळणी विमानं २०१७ च्या मार्चमध्ये निवृत्त झाली; त्यांतलं एक उडत शहरात आणलं गेलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात किनाऱ्यावर त्याचं संग्रहालय उघडलं. आधी ठरवलेलं असलं की नऊ महिने पुरतात.

विक्रांत गेली. तिच्या डेकवरून उडणाऱ्या सी हॉकचा आणि अलिझेचा नमुना आज बोगमाळ्याला आहे. अलिझे वापरणारे देश जगात दोनच होते, फ्रान्स आणि भारत.

आता नाशिककरांसमोर हाच प्रश्न आहे. ओझरच्या एचएएल कारखान्यात मिग-२१ विमानं बांधली गेली, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ने भारतीय आकाशाचा निरोप घेतला. आज ती विपुल आहेत. अशा वेळी गावोगावच्या चौकात, शाळांसमोर, महाविद्यालयांच्या दारात विमान मागणाऱ्यांची रांग लागते, आणि त्यात गैर काही नाही. चौकातल्या विमानाकडे पाहून एखादं पोर वैमानिक व्हायचं स्वप्न पाहील. पण खांबावर टोचून आकाशाकडे तिरकं उभं केलेलं विमान म्हणजे जतन केलेलं विमान नव्हे. सगळा भार एका सांध्यावर येतो, आत पाणी मुरतं, वर चढून तपासायला कुणी जात नाही, दर दोन-तीन वर्षांनी वरवर रंग मारला जातो. चौकांसाठी शंभर द्यावीत. प्रत्येक प्रकारातलं एक तरी मात्र छपराखाली, कोरड्या हवेत, आपल्या नोंदवह्यांसकट ठेवावं: कोणत्या स्क्वाड्रनमध्ये होतं, किती तास उडालं, कोणता भाग कधी बदलला, रंग कोणते होते. आणि ज्यांनी ते बांधलं, दुरुस्त केलं त्या कारागिरांचं म्हणणं आताच ध्वनिमुद्रित करावं. ओझरचे जुने फिटर आज नाशिक-पिंपळगावात निवृत्त आयुष्य जगताहेत. एखादा पॅनेल कोणत्या क्रमाने उघडायचा, कुठे हात जपून घालायचा, हे पुस्तकात नसतं.

बोगमाळ्याला जाणाऱ्याने पावसाळा संपल्यावर जावं आणि निदान दोन तास हाताशी ठेवावेत. सीलँडच्या पोटाचा आकार पाहावा, तो होडीचा आहे. सी हॅरियरजवळ गेल्यावर कॅनॉपीवरची नागमोडी रेघ शोधावी. आसन उडण्याच्या क्षणी तो पारदर्शक घुमट फोडण्यासाठी बसवलेल्या स्फोटक दोरीची ती जागा. त्याच विमानाच्या दोन्ही बाजूंची मिळून चार फिरती तोंडं पाहावीत, त्यांच्यातून खाली फेकलेल्या झोताच्या बळावर ते उभ्या उभ्या उतरायचं. अलिझेचे पंख जहाजावर जागा वाचावी म्हणून कुठे दुमडतात ते पाहावं. राणीजवळ पोहोचल्यावर मुलांना तीन शेपट्या मोजायला सांगाव्यात, आणि मोठ्यांनी थोडं वाकून पंखांच्या खालच्या बाजूची रिव्हेटं बघावीत: कुठे रंगाला फोड आले आहेत, चाकांवरचा भार टेकूवर घेतला आहे का, पाणी निथळायची भोकं मोकळी आहेत का. दिसेल ते संग्रहालयाच्या अभिप्राय वहीत तारखेसह लिहावं.